बाईचा पत्ता

माझ्या व्हिडिओंत माझा चेहरा नाही. मनगटापासून पुढचे हात दिसतात, खाली हिरवी चादर आणि पत्ते. हात कुणाचे ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून खाली लोक लिहितात, "भावा, कडक!", "दादा, एकदा हळू दाखव ना". मी कुणाला दुरुस्त केलं नाही. शहापुरात आमच्या घराच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांना मोबाइल टेकवून मी सराव करते. पत्ता तळहातात दडवायचा आणि हात रिकामा दिसला पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत. अंगठा वर आला, की पुन्हा. पत्त्याचा कोपरा करंगळीशेजारून डोकावला, की पुन्हा. कॅमेरा कंटाळत नाही, खोकत नाही, शेजाऱ्याला कोपराने ढोसत नाही. आणि तो फक्त समोरून बघतो. मला त्याची भीती कधी वाटली नाही.

भीती माणसांची वाटते. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी ज्या घरात वाढले तिथे भिणं हा जवळजवळ गुन्हा होता.

बाबांचं झेरॉक्स आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर घर चालतं, पण बाबा जगतात पत्रकांवर. नवस बोलण्याआधी पोराला दवाखान्यात न्या. हुंडा घेणाऱ्याच्या मांडवात जेवू नका. धरण आमच्या उशाला आणि नळ मुंबईला का? असली पत्रकं ते स्वतः लिहितात, स्वतः छापतात आणि आसनगाव स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेजवळ उभे राहून स्वतः वाटतात. मी अक्षरं गिरवली ती वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती पुढच्या बाजूवर. माझ्या वाक्यांच्या शेवटी अजूनही उद्गारचिन्ह येऊ बघतं. शाळेत मुली मला "पत्रक" म्हणून हाक मारायच्या. मला तो मान वाटायचा.

पत्तेही पत्रकातूनच घरात आले. चमत्कार म्हणजे हातचलाखी, असं एक पत्रक बाबा लिहीत होते आणि उदाहरणं शोधत होते. मी म्हटलं, लिहून कोण विश्वास ठेवणार, करून दाखवायला पाहिजे! आईने पत्त्यांचा कॅट बघितला तेव्हा एवढंच विचारलं, "आता जुगार राहिला होता का?" मग तीही बघत बसायला लागली.

एकदा बाबा रीम न्यायला मागच्या खोलीत आले आणि मी रेकॉर्डिंग करत होते म्हणून थांबले. माझ्या हातातून पत्ता पडला. मी तो व्हिडिओ पुसला. पुन्हा पडला, पुन्हा पुसला.

"पडलेले कुठं जातात?" त्यांनी विचारलं.

"डिलीट."

"आन जमलेला?"

"तो टाकायचा."

"मग भगत दुसरं काय करतो गो? लागलं ते गावभर सांगतो, नाय लागलं ते पुसतो. तुजा मोबाइल म्हंजे भगतच झाला की."

मी तडकले. यात कट नाही, एडिट नाही, जे दिसतं ते हातांनी खरोखर केलेलं आहे, असं बरंच काही ऐकवलं. बाबा रीम खांद्यावर घेऊन गेले. दारातून म्हणाले, "लोकांपुढं कर. तिथं पुसता येत नाय."

 मला माहीत होतं की ते बरोबर आहेत, आणि हेही माहीत होतं की लोकांपुढे उभं राहायच्या नुसत्या विचाराने माझी बोटं गार पडतात. गार बोटांना पत्ता कळत नाही. तो कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, हे लागत नाही.

तरी मी एका शाळेत कार्यक्रम केला. पत्त्यातल्या राणीला बाबा आणि त्यांचे दुकानात बसणारे मित्र बाई म्हणतात. गुलाम, बाई, राजा. त्यावरून बाबांनीच मला वाक्य काढून दिलं होतं. इस्पिकची राणी दाखवायची, कॅटात घालायची, फुंकर मारायची आणि म्हणायचं, "बाईचा पत्ता गायब! बाई लपलीय, आपल्यातच लपलीय. बघू या, बाईचा पत्ता कुणाला लागतो!" शाळेत काय झालं ते कुणालाही कळेल. पोरं आपल्या वर्गाच्या बाईंकडे बोट करून ओरडायला लागली, "बाई हितं बसल्यात! बाई सापडल्या!" बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मी त्यांच्याच पर्समधून राणी काढली. घरी आल्यावर बाबांनी दोनदा विचारलं, वाक्याला हसली का पोरं? छापील शब्दावर लोक हसलेले त्यांना फारसे बघायला मिळत नाहीत.

त्याच वाक्याचा व्हिडिओ मी नंतर केला, वाक्य माझ्या आवाजात नाही, नुसतं अक्षरांत. तो एका सरांनी बघितला. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत ते शिकवतात आणि प्रश्नपत्रिका छापायला आमच्याकडे येतात. हात माझे आहेत हे बाबांनी त्यांना सांगितलं. सर स्टुलावर बसले आणि आवाज खाली आणून बोलायला लागले.

पाड्यावर एका पोराला ताप येत होता. उतरायचा, चार दिवस बरे जायचे, परत चढायचा. घरच्यांनी भगताकडे तांदूळ दाखवले होते, दाणे बघून तो दुखण्याचं कारण सांगतो. तेव्हापासून पाड्यात एका बाईबद्दल कुजबुज सुरू झाली होती. विधवा, एकटी राहणारी, रानातला डिंक, करवंदं, मोहाची फुलं असलं काही गोळा करून मुरबाडच्या बाजारात बसणारी. तिच्या घरचं पाणी आता कुणी पीत नव्हतं. ती हातपंपावर आली की बाकीच्या बायका अर्धे भरलेले हंडे उचलून चालू लागायच्या.

"तोंडानं अजून कुणी काही बोललेलं नाही," सर म्हणाले. "भुताळी हा शब्द अजून कुणी काढलेला नाही. एकदा चारचौघांत तो शब्द निघाला, की मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही या, खेळ दाखवा, हसवा त्यांना. हातचलाखी काय असते ते बघू दे. मग मी बोलतो."

मी हो म्हटलं. पत्रकावर वाढलेली मुलगी दुसरं काय म्हणणार? पाड्याचं नाव मात्र मी लिहिणार नाही.

रविवारी दुपारी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. किन्हवली गेलं, सरळगाव गेलं. शेतं कापून मोकळी झालेली, खळ्यांवर भाताच्या उडव्या. सबंध रस्ताभर मी हात काखेत दाबून धरले होते. बाबा मधूनमधून ओरडून काहीतरी सांगत होते, ते वाऱ्यात जात होतं. मला पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं. पत्ता पडतोय, आणि खाली हिरवी चादर नाही.

शाळेपुढच्या अंगणात लोक जमले होते. पुरुष समोर, पोरं त्यांच्या पुढ्यात मातीत, आणि बायका शाळेच्या पडवीत. पडवी माझ्या पाठीमागे होती. मी सरांना बाजूला घेतलं. "बायकांना पुढे बसवता येईल का? मागून सगळं दिसतं. हा खेळ फक्त समोरून होतो."

"पुढं ऊन आहे," सर म्हणाले. "त्या तिथंच बसतात. आता उठवलं तर घरी जातील."

ज्या बाईसाठी आम्ही आलो होतो ती ओळखायला विचारावं लागलं नाही. अंगणाच्या डाव्या कडेला, हातपंपाजवळच्या दगडावर ती बसली होती. पन्नाशीची असेल. तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा मोकळी होती. ती माझ्याकडे बघून हसली. मला परत हसता आलं नाही, ओठ दातांना चिकटले होते.

पहिले दोन खेळ झाले. कसे झाले ते मला आठवत नाही. पोरं ओरडली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात माझाच श्वास एवढा मोठ्याने वाजत होता की लोक काय म्हणतात ते लांबून ऐकू येत होतं. समोर एक तरुण उकिडवा बसून मोबाइलवर शूटिंग करत होता. गंमत अशी, की त्या गर्दीत मला फक्त त्याचाच आधार वाटला. मी त्या काचेच्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि स्वतःला सांगत राहिले की मी मागच्या खोलीत आहे.

मग राणी काढली. सगळ्यांना दाखवली. कॅटात घातल्यासारखी केली आणि उजव्या तळहातात घेतली. बसली. नीट बसली! शेवटी ती सरांच्या खिशातून काढायची होती. सर ठरल्याप्रमाणे माझ्या बाजूला येऊन उभे होते. मी फुंकर मारली, पत्ते पसरून दाखवले आणि म्हटलं,

"बाईचा पत्ता गायब! बाई लपलीय, आपल्यातच लपलीय. बघू या, बाईचा पत्ता कुणाला लागतो!"

मी हशासाठी थांबले. त्या वाक्यानंतर मी नेहमी थांबते.

कुणी हसलं नाही. सगळ्या माना वळल्या. हळू, एकामागून एक, पण एकाच बाजूला. पुरुषांच्या, म्हाताऱ्यांच्या, पुढे बसलेल्या पोरांच्यासुद्धा. हातपंपाजवळच्या दगडाकडे.

लोकांची नजर वळवणं हे माझं काम आहे. डावा हात हलवायचा, म्हणजे उजव्याकडे कुणी बघत नाही. त्याचा मी तासन्‌तास सराव केला आहे. पण एवढी सगळी नजर मी कधी वळवली नव्हती.

समोरच्या रांगेत एक बारकुडा माणूस बसला होता. तापाच्या पोराचा बाप तोच, हे मला नंतर कळलं. तो शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "भगतानं पन हेच सांगितलं. बाई हाय. आपल्यातच लपलीय."

हे सरांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी बघितला. भगताने नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं तर कायदा आहे, हे त्यालाही कळतं. त्याने फक्त एवढंच म्हणून सोडून दिलं होतं, आणि मी शहापूरहून स्कूटरवर बसून येऊन तेच शब्द, तेच, भर अंगणात मोठ्या आवाजात म्हटले होते.

तो माणूस उठून उभा राहिला. रागाने उठला असता तर बरं झालं असतं. त्याने हात जोडले.

"पोरी, तुजा पत्ता सांगतो ना? मग सांग. कोन हाय ती? माजं पोरगं पडून हाय गो."

 आता सरांच्या खिशातून राणी निघाली असती तर काय झालं असतं? लोकांना एवढंच दिसलं असतं, की ही पोरगी लपलेली बाई शोधून काढते. मग मला पोराच्या बापाने सोडलं नसतं. आणि मी गप्प राहिले तर त्या माना तिकडेच राहणार होत्या. दगडावरची बाई आता हसत नव्हती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, जणू तिच्याच हातात काहीतरी सापडेल.

मी बाबांना शोधलं. ते गर्दीच्या मागे उभे होते, खांद्याला पत्रकांची पिशवी. त्यांचे ओठ हलले.  आयुष्यभर चौकाचौकात बोलणारा माणूस, आणि त्यांना शब्द सुचत नव्हता. मी एवढे घाबरलेले बाबा कधी बघितले नव्हते.

तळहात घामाने भिजला होता. पत्ता निसटायला लागला होता. मी हात वर केला आणि उघडला.

"हा बघा पत्ता. माझ्या हातात आहे. मी लपवला होता. कुठे गेला नव्हता, पहिल्यापासून इथेच होता."

माना परत माझ्याकडे आल्या.  मग मागच्या रांगेतून एक आवाज, अर्धा थट्टेत, "म्हंजे ती तूच का?"

दोघंतिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. ते माझ्याकडे असं बघत होते, की मी स्कूटर कुठे लावली आहे आणि तिथपर्यंत किती माणसं आहेत, ते बघून घेतलं. बाईच्या जातीने हातात पत्ते धरून भर दुपारी वस्तू गायब करायच्या, आणि वर सांगायचं की लपवणारी मीच. मी स्वतःहून कुठे जाऊन उभी राहिले होते, ते मला तेव्हा कळलं.  

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, पडवीतून, एक बाई मोठ्याने म्हणाली,

"अगो, आमाला तर मगापासनं दिसतंय ते! आमी म्हनलं, पोरीच्या हाताला पान चिकाटलंय आन तिला म्हाईत नाय."

पडवी फुटली. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसायला लागल्या.

"मग बोलली का नाय?" समोरून कुणीतरी पुरुष खेकसला.

"तुमी पुढं बसलाव, तुमी बगायचं! आमी मागंच हाव ना?"

आता पुरुषही हसले. मी ते हसू दोन्ही हातांनी धरलं. पडवीकडे तोंड केलं, समोरच्यांना पाठ दाखवली आणि म्हटलं, तुम्ही सगळे मागून बघा. मी राणी पुन्हा लपवली, हळू. पुन्हा. तिसऱ्या वेळी पत्ता मातीत पडला. पोरांनी तो उचलून दिला. पुन्हा पडला. एकही खेळ धड झाला नाही. व्हिडिओ असता तर सगळा पुसला असता. लोक उठून माझ्याभोवती गोळा व्हायला लागले, "मला दाव, मला दाव" करत.

पोराचा बाप जागचा हलला नव्हता. तो तिथूनच म्हणाला, "तुजा पत्ता खोटा, ते बगितलं. म्हनून भगताचं दानं खोटं, ते कशावरनं?"

प्रश्न खरा होता. माझ्याकडे पत्रकातली उत्तरं होती, सगळी उद्गारचिन्हाची. ती मी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "दादा, माझा पत्ता किती वेळा पडला ते तुम्ही आत्ता बघितलं. भगताचं किती वेळा चुकलं ते तुम्हाला कधी दिसलं का? त्याला विचारा. चुकलेले मोजा. आणि तोवर पोराला मुरबाडला दवाखान्यात न्या. सर येतील बरोबर." मी हे ठामपणे म्हणाले असं मला लिहायला आवडेल. आवाज फाटत होता.

तो खाली बसला.

आणि मग ती बाई दगडावरून उठली. ती मोकळी जागा ओलांडून सरळ माझ्यापाशी आली. लोक बाजूला झाले. काही जण जरा जास्तच बाजूला झाले.

"दे बगू माज्या हातात," ती म्हणाली.

मी तिला राणी दिली. बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. तिचा तळहात रुंद होता, बोटं कामाने ताठ झालेली, ती वाकतच नव्हती. पत्ता एकदा वरून डोकावला, एकदा खालून. तिने हात उलटा केला तर तो सरळ टप्पकन पायावर पडला. पोरं किंचाळली. तिने पुन्हा उचलला, पुन्हा प्रयत्न केला, जीभ दातांत धरून. मग हात सगळ्यांसमोर धरून ती सावकाश एक गिरकी घेऊन वळली. पत्ता चारी बाजूंनी दिसत होता.

"येक पत्ता लपत नाय माज्या हातात," ती म्हणाली. "पोराचा ताप कुठं लपवू?"

ती हे थट्टेत म्हणाली. पण म्हणाली ती पोराच्या बापाकडे बघून, आणि शेवटचे शब्द बारीक झाले. कुणी हसलं, कुणी जमिनीकडे बघितलं. तो शब्द मात्र कुणी काढला नाही. सरांनी लगेच बोलायला सुरुवात केली. ताप म्हणजे काय, रक्त कशाला तपासतात. मी पत्ते गोळा करायला खाली बसले ते उठलेच नाही. 

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पांगापांग होताना तो मोबाइलवाला तरुण माझ्याकडे आला, खुशीत.

"ताई, भारी आलंय! तुमी बोलताव ना, बाईचा पत्ता कोनाला लागतो, आन सगळी पब्लिक एकदम तिकडं बगते. बास, तेवढंच कापलंय. म्युझिक टाकतो."

त्याने दाखवलं. मी काही सेकंद बघितलं. माझा आवाज, माझी फुंकर, वळत जाणाऱ्या माना, आणि शेवटी झूम करून दगडावर बसलेली ती. मी उघडलेला हात त्यात नव्हता. पडवीतलं हसू नव्हतं. जमलेलं तेवढं ठेवलं होतं, बाकी कापलं होतं.

"पूर्ण टाक," मी म्हटलं. "नाहीतर टाकू नकोस."

"पूर्न कोन बगतं, ताई? तुमाला तर म्हाईत पायजे."

माहीत होतंच. पूर्ण कुणी बघत नाही, हे माझ्याइतकं त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याच्यावर ओरडले. कायदा सांगितला, पोलीस सांगितले. तो बिथरला, मोबाइल खिशात घालायला लागला. तेव्हा ती बाई मध्ये आली आणि शांतपणे म्हणाली, "मला दाव रे. मी मला कंदी बगितलं नाय त्याच्यात."

तो नाही म्हणू शकला नाही. तिने मोबाइल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला. ती बसली होती तिथून तिला माणसं एक-एक करून दिसली असतील. इथे सगळी एकदम दिसली. तिने ते एकदाच बघितलं. मग त्याच्याकडे न बघता मोबाइल पुढे केला.

"पूस ते, बाबा."

त्याने पुसलं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. हात काय करतो आणि काय केल्यासारखं दाखवतो, हे ओळखायची मला सवय आहे. पुसलेले व्हिडिओ जिथे साठून राहतात तिथून आणि मूळ रेकॉर्डिंगमधूनही मी ते त्याला काढायला लावलं. त्याने काढलं. तरी आधीच कुणाला पाठवलं असेल तर? त्याने आईची शपथ घेतली. मी शपथ मानत नाही. त्या दिवशी मानली.

परतीच्या वाटेवर किन्हवली आली. बाबांनी स्कूटर कडेला घेऊन थांबवली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "माजं वाक्य होतं ते."  ते पुन्हा हेल्मेट घालायला लागले, तर त्यांना पट्टा लावता येईना. मी लावून दिला.

पुढचे कित्येक दिवस मी रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर तेच शोधत होते. माझे हात, माझं वाक्य, तो दगड. काही दिसलं की दचकायचे, आणि निघायचं भलतंच काहीतरी. तो व्हिडिओ आला नाही. मी स्वतःचाही तो जुना, शाळेनंतर केलेला, काढून टाकला. लोक विचारत राहिले, दादा, बाईवाला कुठे गेला?

मग सरांचा फोन आला. पोराला मुरबाडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, औषध लागू पडलं, ताप गेला. मी आनंदाने ओरडणार होते. सर म्हणाले, "थांबा. पाड्यात अर्धे लोक म्हणतायत दवाखान्यानं गेला. अर्धे म्हणतायत, त्या शहापूरच्या पोरीनं पत्ता काढला, म्हणून गेला."

"कसला पत्ता?"

"बाईचा."

मी हात उघडून दाखवला, पत्ता मातीत पाडून दाखवला, आणि अर्ध्या पाड्याने नुसतं माझं वाक्य ठेवलं होतं! काहींच्या मते माझ्या पत्त्याने दगडावरच्या बाईला पकडलं होतं, आणि घाबरून तिने ताप परत घेतला होता. हातपंपावर आता दोघी-तिघी तिच्यासाठी थांबतात, सर म्हणाले, पडवीत बसलेल्यांपैकी. बाकीच्या अजून हंडे उचलतात.

"त्यांना तुमच्याशी बोलायचंय," ते म्हणाले, आणि फोन तिच्या हातात गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती मोठ्याने बोलायला लागली, लांबच्या माणसाला हाक मारावी तशी.

"ऐकतेस ना गो? परत ये. आन दाव परत."

"मावशी, मी आले तर आणखी काही…"

"नाय आलीस तर हाय तेच ऱ्हाईल. ये. पन बायका काढून ठेव घरी. चारी. गुलाम आन."

"गुलाम?"

"हां. गुलाम लपव. गुलाम हरवला तर कोन कोनाकडं बगत नाय."

ती हसली, की तो फोनचा आवाज होता, मला कळलं नाही. मी येते म्हटलं. येत्या रविवारी जायचं आहे. चार राण्या कॅटातून काढून दुकानाच्या खणात टाकल्या आहेत. सरांना सांगितलं आहे, की या वेळी पुरुषांना पडवीत बसवा आणि बायकांना माझ्या भोवती गोल, अगदी जवळ, जिथून सगळं दिसतं. बाबा या वेळी वाक्य देणार नाहीत म्हणतात. मी मागच्या खोलीत गुलाम घेऊन बसते. मोबाइल रिमांवर पालथा ठेवलेला असतो. समोर आई बसते, कधी बाजूला, कधी पाठीमागे, आणि पत्ता दिसला की सांगते. तो दर वेळी दिसतो. बोटं आत्तापासूनच गार आहेत.